गाडी उचलायची की रस्ता?



जिल्ह्याच्या बैठकीला एके काळी बंड्या सुटायच्या, मग मोटारसायकली आल्या, आता मैदानाच्या कडेला पिकअप गाड्यांची रांग लागते. गावोगावच्या पोरांनी कर्ज काढून या गाड्या घेतल्या आहेत. वेचणीत कापूस, नंतर ज्वारीची पोती आणि कडबा, पावसाच्या तोंडावर खत-बियाणे, मधल्या काळात शेळ्या आणि बाजारहाट. बैलांची जोडी पोसणे परवडेना म्हणून ही गाडी आली. तेव्हा पिकअप ही चैन नाही, ते शेतीचे अवजार आहे, आणि अवजाराबद्दल बोलायचे तसेच तिच्याबद्दलही बोलले पाहिजे.

या पोरांच्या तोंडी सध्या एक प्रश्न फिरतो आहे. गाडी किती इंच उचलू? पाटे वाढवून, पाट्याखाली ठोकळे घालून गाडी वर घेण्याचे काम तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात होते. कोणी दोन इंच सांगतो, कोणी चार, हौस असेल तर सहा. उचललेली गाडी दिसते दणकट, आणि मोबाईलवर तिची चित्रे पाहून पोरांना भूल पडते. ज्या देशांतून ही पद्धत आली तिथे बहुतेक हौशी लोक रिकामी गाडी घेऊन रविवारी डोंगरात फिरायला जातात. आपली गाडी हौदा भरून, वर दोरखंड आवळून, कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन चालते. हा फरक लक्षात ठेवूनच हिशेब केला पाहिजे.

उंची नेमकी कशाची वाढते?

गाडी तळाला दोन ठिकाणी टेकते. एक म्हणजे चेसिस, डिझेलची टाकी, पायरी हा वरचा भाग. दुसरा म्हणजे मागच्या दोन चाकांमधला एक्सल आणि त्याच्या मध्यावर असलेला डिफरेन्शियलचा लोखंडी गोळा. पाटे वाढवले, ठोकळे घातले, तर पहिला भाग वर जातो. दुसरा भाग जिथे होता तिथेच राहतो. कारण एक्सल चाकांवर टेकलेला असतो, पाट्यांवर नव्हे. पाटे त्याच्या वरच्या गाडीला उचलतात.

आता आपल्या पांदणीत काय होते ते आठवा. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात, मध्ये मातीचा उंच वरंबा राहतो. पिकअपची चाके चाकोरीत उतरली की सगळ्यात आधी तो गोळाच वरंब्यावर बसतो. चाके मोकळी फिरतात आणि गाडी कासवासारखी पोटावर पडून राहते. चार इंच उचललेली गाडीही तिथेच आणि तशीच बसते. गोळ्याखालची उंची वाढते ती फक्त मोठ्या टायरने, आणि तीही टायरचा व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्म्याने. दोन इंच मोठे टायर घाला, गोळा एक इंच वर येईल. त्या एका इंचासाठी इंजिनाला ओढ जास्त पडते, ब्रेकला जोर जास्त लागतो आणि काट्यावर चाळीस दिसत असताना गाडी प्रत्यक्षात त्याहून जोरात पळत असते.

म्हणजे ज्या कामासाठी आपण गाडी उचलायला निघालो, ते बरेचसे काम उचलण्याने होतच नाही.

काळी माती उंचीला भीक घालत नाही

शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून आणखी एक सांगतो. आपल्या काळ्या जमिनीत जी चिकणमाती आहे ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना ती चाकाच्या नक्षीत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. अशा वेळी गाडी अडते ती उंची कमी म्हणून नव्हे, पकड नाही म्हणून. पकड येते ती नक्षी शाबूत असलेल्या टायरने, हवेच्या योग्य दाबाने, मागच्या चाकांवर बेताचे वजन असल्याने आणि मुख्य म्हणजे वाफसा येईपर्यंत थांबल्याने.

उंच गाडीचा एक छुपा तोटा असा की ती माणसाला नको तिथे जायचे धैर्य देते. ओल्या वावरात गाडी घातली तर चाकाखालची माती खोलवर दाबली जाते. वरचा थर नांगरटीने मोकळा होतो, खालचा होत नाही. त्या पट्ट्यात पाणी मुरत नाही आणि कपाशीचे सोटमूळ खाली उतरायला अडते. कोरडवाहू माणसाची सगळी भिस्त मातीत साठलेल्या ओलीवर. तीच आपण गाडीच्या चाकाखाली दाबून टाकायची का? गाडी धुऱ्यावर उभी करून माल डोक्यावरून किंवा बंडीने तिथवर आणण्यात कष्ट आहेत खरे, पण पुढच्या हंगामाचे पीक त्यात वाचते.

कापसाचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. गाडी उलटते ती वजनामुळे नव्हे, वजन किती उंचीवर आहे त्यामुळे. कडब्याने भरलेली बंडी चाकोरीत कशी कलंडते ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे शिकवायला नको. तरी आकड्यांत मांडतो.

हौदा अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरू. त्यात १२ क्विंटल ज्वारीची पोती लावली तर थर जेमतेम दीड फुटाचा होतो. तेवढाच १२ क्विंटल कापूस भरा. तुडवून भरला आणि घनमीटरला १२० किलो बसला असे धरले, तरी ढीग हौद्याच्या तळापासून पावणेआठ फूट जातो. वजन तेच, पण ओझ्याचा मध्य कुठल्या कुठे गेला.

रिकामी गाडी १७ क्विंटलची, हौद्याचा तळ जमिनीपासून ८५ सेंटिमीटर, रिकाम्या गाडीचा भारमध्य ७५ सेंटिमीटरवर आणि दोन चाकांमधले अंतर १४५ सेंटिमीटर धरले, तर ज्वारीच्या खेपेत गाडी आणि माल मिळून भारमध्य जमिनीपासून साधारण ८८ सेंटिमीटरवर येतो. कापसाच्या खेपेत तो १२८ सेंटिमीटरवर जातो. पहिली गाडी सुमारे ३९ अंश कलली तर उलटेल, दुसरी ३० अंशांतच. हे झाले कागदावर, उभ्या गाडीचे. प्रत्यक्षात एका बाजूचे पाटे दबतात, टायर दबतात, ढीग एका अंगाला झुकतो, गाडी हेलकावे खाते, म्हणून ती याच्या बरीच आधी जाते. एक चाक फूटभर खोल चाकोरीत गेले की १२ अंश तिथेच संपले.

याच कापसाच्या गाडीला चार इंच उचला. भारमध्य साधारण १३७ सेंटिमीटरवर जातो आणि उलटण्याचा कोन २८ अंशांवर येतो. कोणी म्हणेल, दोनच अंश तर गेले. पण आपल्याजवळ मुळात शिल्लक किती होती? हेच दुसऱ्या भाषेत सांगतो. चार इंच उचलणे म्हणजे न उचललेल्या गाडीच्या शेंड्यावर आणखी दीड क्विंटल कापूस चढवण्यासारखे आहे. फरक एवढाच की त्या दीड क्विंटलचे भाडे मिळत नाही. धोका तेवढाच, पदरात काही नाही.

आणि त्या ढिगाच्या वर कोण बसलेले असते? वेचणीच्या बाया. सकाळी गाडीने वावरात आणायच्या, संध्याकाळी कापसाच्या गंजीवर बसवून गावात सोडायच्या, ही रीत अनेक गावांत आहे. गाडी कलंडली तर चालकाभोवती निदान पत्र्याची केबिन असते, बाईच्या भोवती काहीच नसते. मालवाहू गाडीत असे प्रवासी बसवायला कायद्याची मनाई आहे. अशा गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ साली दिला. म्हणजे गाडीवाल्याचे घर बुडते आणि बाईचे तर उजाडच होते. आपण शेतमालाच्या भावासाठी भांडतो. दिवसभर वाकून वेचणाऱ्या मजूर बाईच्या जिवाचा भाव आपल्याच गाडीत काय धरला आहे, हेही बैठकीत विचारले पाहिजे.

पाट्याने गाडीची ताकद वाढत नाही

दुसरा गैरसमज असा की दोन पाटे जास्त घातले की गाडी दोन क्विंटल जास्त ओढते. पाट्याने गाडी दबलेली दिसत नाही, एवढेच. एक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच. गाडी दबलेली दिसली असती तर आपण भरणे थांबवले असते. ती दिसायची बंद झाली म्हणून आपण भरत राहतो. तापाचे औषध घेऊन उन्हात राबण्यासारखे आहे हे.

शिवाय कडक पाट्यांची गाडी रिकामी परतताना मागून उडते. उडणाऱ्या चाकाला रस्त्याची पकड नसते, आणि ब्रेक मारला की मागचा भाग सरकतो. काही पिकअप गाड्यांत मागच्या एक्सलवर ओझे किती आहे हे ओळखून मागच्या ब्रेकचे तेल कमी-जास्त सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि एक्सल यांच्यातल्या अंतरावरून तो ओझे ओळखतो. गाडी उचलली की हे अंतर वाढते आणि भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मग मागचे ब्रेक ढिले पडतात आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. गाडी उचलून देणारा प्रत्येक जण हा व्हॉल्व्ह नव्याने जुळवून देतोच असे नाही. त्यातच ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लवकर जातात, आणि फक्त मागची बाजू उचलली तर स्टिअरिंग सैरभैर होते.

मग किती?

प्रश्न विचारला आहे तर उत्तर दिले पाहिजे. नुसते नको म्हणणे सोपे असते.

पहिले काम, टेप घेऊन मोजा. गाडी सपाट जागी रिकामी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवा. मग नेहमीची खेप भरून पुन्हा मोजा. रिकाम्या गाडीचेच अंतर नव्या गाडीपेक्षा कमी भरत असेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल, तर पाटे बसले आहेत. तिथे उचलण्याचा प्रश्नच नाही. पाट्यांना पुन्हा कमान देऊन घ्या किंवा कंपनीच्या मापाचा नवा संच बसवा, बुशिंग आणि यू-बोल्ट बदला. गेलेली उंची परत मिळते आणि बाकी काही बिघडत नाही. जुनी गाडी घेतलेल्या बहुतेकांचे काम इथेच संपते.

दुसरे काम, काय टेकते ते गाडीखाली वाकून पाहा. ओरखडे खोटे बोलत नाहीत. ओरखडे गोळ्यावर असतील तर पाटे वाढवून एक पैशाचा उपयोग नाही. चांगल्या नक्षीचे टायर घ्या आणि चाकोरीत चाक न घालता एक चाक वरंब्यावर ठेवून हळू चालवायला शिका. ओरखडे टाकीवर, पायरीवर किंवा चेसिसवर असतील, पाटे नवे असतील आणि ओझे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत असेल, तरच उचलण्याचा विचार करा. तेव्हाही एक इंच, फार तर दोन. पुढे-मागे सारखे, शॉकअब्सॉर्बर त्या मापाचे, ब्रेकचा व्हॉल्व्ह आणि पाइप नव्याने जुळवलेले. पुढच्या चाकांना टॉर्शन बार असेल तर त्याचा बोल्ट पिळून पुढची बाजू फुकट वर येते असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. जेवढी गाडी वर येते तेवढा चाकाचा खाली जायचा वाव कमी होतो आणि टायर एकीकडून खाल्ले जातात.

तिसरे, दोन इंचांच्या पुढे काही झाले तरी नाही. कापूस आणि कडबा वाहणाऱ्या गाडीला तर नाहीच. नवी गाडी घ्यायची असेल तर उंची आणि ओझे यांचा विचार घेतानाच करा. रस्ता फार वाईट असेल तर चारही चाके ओढणारी गाडी बघा. गाडीवर नंतर केलेली शस्त्रक्रिया नेहमी महाग पडते.

कायद्याचेही ऐकून घ्या. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकास ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माल हौद्याबाहेर किंवा परवानगीपेक्षा उंच गेला तर कलम १९४ खाली २० हजारांचा दंड वेगळा. म्हणून दोन इंचांचे कामही आधी आरटीओला लेखी विचारून करा. अपघातानंतर विमा कंपनीला नाही म्हणायला निमित्त हवेच असते. ते आपण स्वतःच्या हाताने लिहून देऊ नये.

उरलेली उंची रस्त्याने द्यावी

इथवर गाडीवाल्याला सांगितले. आता सरकारला.

पोरगा गाडी का उचलतो? कारण पांदण खोल आहे. तो ढीग पावणेआठ फूट का चढवतो? कारण खरेदीचे केंद्र दूर आहे, भाडे खेपेवर ठरते, आणि पांदणीतून दुसरी खेप करायची म्हणजे दिवस जातो. म्हणजे ज्या रस्त्याचे पैसे शासनाने घालायचे, ते पैसे शेतकऱ्याचा पोरगा गॅरेजात घालतो आहे. वर दंड त्यालाच. शेताला रस्ता न देणाऱ्याला कुठल्या कलमाखाली दंड आहे, ते कोणी दाखवून द्यावे!

एका गाडीला चार इंच उचलले तर एक गाडी उचलली जाते आणि तिचा तोल जातो. पांदण एक फूट उचलली, मध्ये फुगीर ठेवून दोन्ही अंगांना नाली काढली, काळी माती खरवडून वर मुरूम दाबून घातला, तर गावातल्या सगळ्या गाड्या एक फूट उचलल्या जातात. त्यात बंडी येते, ट्रॅक्टर येतो, डोक्यावर भारा घेतलेली बाई येते, शाळेत जाणारे पोर येते. आणि तोल कोणाचाच जात नाही. नालीशिवाय मुरूम टाकणे म्हणजे मात्र दरवर्षी पैसा चिखलात कालवणे. ठेकेदाराला तेच सोयीचे असते, म्हणून नालीवर डोळा ठेवा.

यासाठी हातात काय आहे? गावनकाशा तलाठ्याकडून मागून घ्या. त्यावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट रुंद असतो, एकेरी तुटक रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फूट. तेवढी जागा मोजून मोकळी करून घेणे हा आपला हक्क आहे. अतिक्रमण करणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो, हेही मोकळेपणाने कबूल करू. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना शासनाने २०२१ साली काढली. तिच्या नावाने आपल्या गावात किती मीटर रस्ता झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत. एकावर गावातल्या पिकअप गाड्यांची संख्या आणि त्यांतल्या किती उचललेल्या आहेत ते. दुसऱ्यावर पावसाळ्यात बंद पडणाऱ्या पांदणींची नावे, त्यांची लांबी आणि त्यावरून येणाऱ्या वावरांची संख्या. हे दोन कागद शेजारी ठेवले की शासनाचे किती काम आपण आपल्या खिशातून केले, त्याचा आकडा मिळेल. तो घेऊनच कलेक्टर कचेरीवर जाऊ.

आणि तोपर्यंत, वेचणी सुरू व्हायच्या आत, गाडीवाल्या पोरांनी एक गोष्ट आजच ठरवावी. ढीग हौद्याच्या फळीवर माणसाच्या छातीइतकाच चढवायचा आणि त्यावर कोणालाही बसवायचे नाही. एक खेप जास्त होईल, डिझेल जास्त लागेल. त्याचा खर्च भाड्यात मागा, आम्ही शेतकरी म्हणून तो देऊ. बाया मात्र बसणाऱ्यांच्या गाडीनेच घरी जातील.